नव्या फिल्टरचे तीन स्क्रू

चेंबरलेन, साउथ डकोटा
११ जून १९८६

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

नदीकाठी तंबू ठोकून हे लिहिते आहे. कागदावर थर्मास ठेवलाय, कारण इथला वारा माझ्यापेक्षा हट्टी आहे. सोमवारी निघाल्यापासून तुमच्या मोटारसायकलनं मला एकदाही मान खाली घालायला लावलेली नाही. ‘तुमच्या’ म्हणते, कारण माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तुम्ही तिला नवा एअर फिल्टर बसवलात आणि त्या दिवसापासून ती माझी राहिलेली नाही. जुन्या डब्यातून ती पडसं झाल्यासारखा श्वास घ्यायची. मागच्या वर्षी दोन्ही पेट्यांत सामान भरून चढावर गुरांचा एक ट्रक ओलांडायला मला तीन मैल लागले होते आणि तेवढा वेळ मी गुरांचा वास घेत होते. आता मूठ पिळली की ट्रक मागे. शेजारच्या डेल्मरला सांगा, त्याच्या पिकअपला हे सुख या जन्मी नाही.

एक किरकोळ गोष्ट. वेग साठच्या वर गेला की उजव्या गुडघ्यापाशी बारीक शिट्टी वाजते, केटली उकळायच्या जरा आधी वाजते तशी. विंडशील्डचं रबर असेल. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर परत आल्यावर तुम्ही तिथे तळहात टेकवाल, आपोआप ओळखाल आणि मला बोलणी बसतील.

उद्यापासून चार-पाच दिवस ब्लॅक हिल्सच्या डोंगरात भटकेन. मुक्काम कुठे ते ठरवलेलं नाही. निघताना सांगितलं तसं १७ तारखेच्या सुमारास वायोमिंगमधल्या बफेलोला असेन. तिथल्या पोस्टाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पत्र टाका, ते ठेवून घेतात. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून फोन करत नाही. मागच्या वेळी तुम्ही मला खतवाला समजून दहा मिनिटं झापत होता.

लोभ आहेच, तो मी पश्चिमेच्या समुद्राला पोचेपर्यंत पुरवावा.

तुमची,
लॉर्ना

---

वेस्टबी, विस्कॉन्सिन
१२ जून १९८६

चि. लॉर्नास,
अनेक आशीर्वाद.

तू डोंगरात शिरण्याआधी तुला गाठणं जमणार नाही, म्हणून हे तू निघताना सांगितलेल्या मुक्कामाला, सरळ बफेलोला पाठवतो. मिळाल्यावर उभ्या उभ्या वाच आणि वाचून होईपर्यंत गाडीची किल्ली खिशातच ठेव.

आज गॅरेज झाडताना फिल्टरच्या खोक्यातला सूचनांचा कागद सापडला. माझी सवय तुला माहीत आहे. दूध कारखान्याच्या मशीनखात्यात अडतीस वर्षं काढली, तेव्हापासून एक काम झालं की त्यापुढे पेन्सिलीनं खूण करायची आणि मगच पुढचं काम हातात घ्यायचं. या कागदावर अकरा कामं आहेत आणि दहा खुणा. खूण नाही ती सातव्यापुढे. सातवं काम असं, की फिल्टरच्या मागच्या प्लेटच्या तिन्ही स्क्रूंना निळा गोंद लावून मग ते आवळावेत.

तेव्हापासून आठवतो आहे. धूळ जाऊ नये म्हणून इंजिनच्या तोंडात चिंधी कोंबली ते आठवतं. ती काढली तेही आठवतं. तू कॉफी आणलीस आणि माझ्या चष्म्याला ग्रीस लागलंय म्हणून हसलीस, तेसुद्धा आठवतं. गोंद लावल्याचं मात्र आठवत नाही.

गोंद नसेल तर गाडीच्या थरथरीनं स्क्रू थोडे थोडे मागे येतात आणि त्यांच्या समोरच इंजिनचं उघडं तोंड आहे. एक जरी आत ओढला गेला तरी इंजिन जागच्या जागी अडकून बसतं आणि मागचं चाक जाम होतं. साठच्या वेगात मागचं चाक जाम झालं तर काय होतं ते मी लिहीत नाही.

बहुतेक लावलाच असेल. तरी उघडून बघ. म्हाताऱ्याचं मन राख.

तुझा,
बाबा

---

वेस्टबी
१४ जून १९८६

चि. लॉर्नास,
आशीर्वाद.

तुझं चेंबरलेनचं पत्र आज मिळालं. शिट्टीचं वाचलं आणि मी पायरीवरच बसलो. ते विंडशील्डचं रबर नाही, पोरी. प्लेट सैल झाली की फटीतून हवा आत जाते आणि तिचा तसा आवाज होतो.

शेजारच्या डेल्मरला बोलावून त्याच्याकडून डोंगरातल्या सात तंबूतळांवर फोन करवले. उन्हानं लाल झालेल्या नाकाची, मोठ्या गाडीवर एकटी फिरणारी बाई आहे का, असं तो प्रत्येकाला विचारत होता. तिघांनी सांगितलं की तसल्या त्यांच्याकडे डझनभर आहेत. पोलीस चौकीत गेलो, तर शेरीफ म्हणाले, बाई हरवलेली नाही, तर शोधायची कशी. मी म्हटलं, हरवली नाही तोवरच शोधायची आहे. ते माझ्याकडे दयेनं बघत राहिले.

मला भीती वाटते आहे, लॉर्ना. तुझी आई गेली तेव्हाही मी हे शब्द कोणाजवळ काढले नव्हते. कान गेल्यापासून मी इंजिन तळहातानं ऐकत आलो आणि सगळ्यांना त्याची बढाई सांगत आलो. तू निघालीस त्या सकाळीही मी तुझ्या इंजिनवर हात ठेवला होता आणि मला सगळं ठीक लागलं. शिट्टी हाताला लागत नाही. ती कानालाच लागते.

हे वाचशील तेव्हा गाडी असेल तिथेच उभी कर. एक मैलही पुढे नेऊ नकोस.

बाबा

---

बफेलो, वायोमिंग
१८ जून १९८६

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं काल एकदमच हातात पडली. आधी सांगायचं ते सांगते. मी धडधाकट आहे, गाडीही धडधाकट आहे आणि नाक लाल आहे, ते डेल्मरला कळवा.

तुम्ही सांगितलंत तसं झाकण काढून पाहिलं. तिन्ही स्क्रू घट्ट होते. एक काढूनही बघितला. आट्यांत निळा गोंद छान वाळलेला होता. म्हणजे काम तुम्ही केलं होतं, नुसती खूण करायची राहिली. शिट्टी रबराचीच निघाली, चिकटपट्टी लावल्यावर बंद झाली. तेव्हा आता शेरीफना त्रास देणं थांबवा आणि शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या पंगतीत मासे खायला जा. तुम्ही जेवत नसणार हे मला इथून दिसतंय.

उद्या बिगहॉर्नचा घाट चढेन. पुढचं पत्र मॉन्टानात मिझूलाच्या पोस्टात टाका. महिन्याच्या शेवटी तिथे पोचेन.

लोभ आहे तसाच राहू द्या, काळजी मात्र निम्मी करा.

तुमची,
लॉर्ना

---

वेस्टबी
२३ जून १९८६

चि. लॉर्नास,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप आहेस हे वाचून मी डेल्मरच्या बायकोसमोर रडलो. तिनं मला ओव्हनमधून काढलेला बटाट्याचा गरम गरम हॉटडिश वाढला आणि मी दोनदा घेतला. ते झालं. आता पुढचं.

काल रविवारी चर्चमध्ये मी नेहमीसारखा मागच्या बाकावर होतो. पास्टरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे हात कोटाच्या खिशात घालून बसलो होतो. हाताला एक बाटली लागली. निळ्या गोंदाची. मे महिन्यात चर्चमध्ये मोटारसायकलींना आशीर्वाद देतात त्या रविवारी घरी येताना घेतली होती, तुझ्याच कामासाठी. तिचं सील अजून फोडलेलं नाही. जुनी बाटली वाळली म्हणून मी हिवाळ्यातच फेकली होती आणि गॅरेजमध्ये दुसरी नाही.

तर मग तुला आट्यांत जो गोंद सापडला तो कोणाचा?

खोटं बोलायला तू मुळात शिकलीच नाहीस. लहानपणीही शिकली नव्हतीस. रागावलेलो नाही. पण तिथेच बाकावर बसल्या बसल्या मला दुसरंच काही आठवलं. एप्रिलमध्ये मी डेल्मरच्या पिकअपचे पुढचे ब्रेक बदलले होते. रोज सकाळी तो त्यातून तीन नातवंडांना शाळेत सोडत होता.

चर्चच्या कोटातच त्याच्याकडे गेलो आणि चाकं काढ म्हणालो. तो म्हणाला, जेवायच्या वेळेला कसली चाकं काढतोस, म्हातारा चळला. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जॅक आणला. उजवीकडे सगळं नीट होतं. डावीकडचा ब्रेकचा एक बोल्ट माझ्या बोटांनी फिरला. डेल्मर घरात गेला आणि दोन कप कॉफी घेऊन बाहेर आला. मी त्याच्या हातात गॅरेजची किल्ली ठेवली.

आता खरं काय ते लिही. सैल स्क्रू मला सोसेल, पण तू मला सांभाळून घेते आहेस हे सोसत नाही. आणखी काय काय सांभाळून घेतलं आहेस, हा विचार आता डोक्यातून जात नाही.

तुझा,
बाबा

---

मिझूला, मॉन्टाना
२८ जून १९८६

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

खरं लिहिते.

बफेलोला पोस्टाच्या पायऱ्यांवर तुमची पत्रं वाचली आणि गाडी सुरू करायची हिंमत झाली नाही. चार चौक ढकलत एका दुकानापर्यंत नेली. झाकण काढलं. एक स्क्रू दोन आट्यांवर लोंबत होता. दुसरा बोटांनी फिरत होता. तिसरा तेवढा घट्ट होता आणि बहुधा त्या एकट्यानंच मला तिथवर आणलं. गोंद दुकानातून घेतला आणि मीच लावला. मग तिथल्या स्टुलावर बसून तुमची पत्रं पुन्हा वाचली. तुम्हाला पत्र दुसऱ्या दिवशी लिहिलं, कारण आदल्या दिवशी अक्षर नीट आलं नसतं आणि तुम्ही ओळखलं असतं. तरी ओळखलंतच.

याहून मोठं खोटं पहिल्याच पत्रात आहे. शिट्टी चेंबरलेनजवळ सुरू झाली असं तुम्हाला वाटावं, अशा बेतानं मी लिहिलं होतं. ती मी घरापासून चौथ्या मैलावर ऐकली. थांबले. गाडी वळवलीसुद्धा. पण निघताना तुम्ही दारात हात वर करून उभे होता, डेल्मर आणि चर्चमधले चौघेजण बाजूला होते आणि तुम्ही त्यांना सांगत होता की सगळं काम घरी केलंय, दुकानात नाही. परत येऊन त्यांच्यादेखत ते झाकण उघडणं माझ्याच्यानं झालं नाही. मी गाडी पुन्हा पश्चिमेला वळवली आणि सगळी वाट ती शिट्टी ऐकत गेले.

स्वतः उघडून बघता आलं असतं. दर मुक्कामाला पाना हातात घेतला आणि परत ठेवला. स्क्रूची भीती तेवढी नव्हती, बाबा. आत काय सापडेल आणि त्याचा अर्थ काय होईल, ती भीती होती. मार्चपासूनच वाटत होती. तुम्ही चालू ठेवून विसरलेला स्टोव्ह दोनदा मी बंद केला. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोजून ठेवते. आणखी काही लपवलेलं नाही.

समुद्र कुठे जात नाही. मी इथूनच परत फिरते आहे आणि आठवड्याभरात घरी येईन. स्क्रू रोज सकाळी तपासते. आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. मी बरोबर असेन, त्यांचं बोलणं ऐकून तुम्हाला मोठ्यानं सांगायला कोणीतरी हवंच.

डेल्मरकडून किल्ली परत घ्या. ती बाटली तेवढी उघडू नका, मी आल्यावर उघडू. कागद माझ्या हातात असेल आणि खुणा मी करेन. तुम्ही स्क्रू फिरवा, मी कान लावते.

लोभ आहेच. आता निम्मी भीतीही माझ्याकडे द्या.

तुमची,
लॉर्ना