मागच्या खोलीची चौकशी

वाशिंद, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अंबूबाय,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू अख्ख्या मुरबाडला ऐकू जाईल असं बोलतेस, आणि जिच्याबद्दल विचारायचंय ती तुझ्या भिंतीपलीकडेच राहते, म्हणून हा खटाटोप.

तुझी भाडेकरीण राही तिच्या नवऱ्याला, म्हणजे त्या धाकलूला, घेऊन माझी मागची खोली बघून गेली. तिला इथल्या कारखान्यात पॅकिंगचं कायमचं काम मिळतंय. एक मार्चला हजर व्हायचं, पाळी सकाळी सातची. मुरबाडहून कोणती एसटी तिला सातला पोचवणार? म्हणजे खोली मिळाली तर नोकरी. तुमच्याबद्दल कोण सांगेल, असं विचारलं, तर म्हणाली, ताईंना इचारा ना. काय रुबाब गं तुझा!

म्हशाच्या जत्रेत लोक बैलाचे दात बघतात, तसा मी भाडेकरू बघतो. पोलिसांचा फॉर्म भरून घेतोच, पण त्यात स्वभावाचा रकाना नसतो. तो तू भर. निशिगंधासारखी सून सेवेला आहे, तुझा मोडलेला पाय लवकर बरा होईल.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
भगीरथ

मुरबाड, १० फेब्रुवारी

चि. भगीरथास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. माझा पाय बरा आहे. निशिगंधा सगळं करते, बोलायला जागा नाही.

राहीचं विचारलंस. माणसं आहेत, राहतात. कुणाच्या पोटावर पाय आणणं मला आवडत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. हल्ली कपाटाची किल्ली मी उशाखाली ठेवते, एवढंच. का ते विचारू नकोस. तू शहाणा आहेस.

मुलांना आशीर्वाद. बहिणीला विसरू नकोस.
अंबूबाय

वाशिंद, १७ फेब्रुवारी

ती. अंबूबाय,
सा. न. वि. वि.

राही काल उत्तर घ्यायला आली. मी शहाणा ना, किल्लीची ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवली, शेजारपाजारही ऐकेल अशी. वाटलं, रडेल, भांडेल. तिनं मलाच विचारलं, ताईंचा पाय पुन्हा सुजला का? दुखलं की त्या कायबाय बोलतात, मनावर घेऊ नका.

धाकलू मात्र उसळला. म्हणाला, पाय मोडल्यापासून तुमच्या बहिणीला रोज आंघोळ कोन घालतं ते इचारा तिला. सून कल्याणहून गणपतीत आली ती दोन दिवस, मग तोंड नाय दाखवलं. राहीनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तुझा पाय मोडल्यापासूनच्या सहा महिन्यांत मी तुला बघायला एकदाही आलो नाही. सून करते, हे ऐकायला मला सोयीचं होतं. खोली अजून रिकामी आहे. किल्लीचं खरं काय ते लिही.

रागावलीस तरी आपला म्हण.
भगीरथ

मुरबाड, २३ फेब्रुवारी

चि. भगीरथ,
आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही, तरी घे.

किल्लीचं खोटं. ती राहीकडेच असते, माझी लुगडी तीच काढून देते. जुळत्या सोयरिकीत भांजी मारणाऱ्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवली, आणि म्हातारपणी तेच केलं. ती गेली तर मला न्हाणीत कोण नेणार, एवढंच डोक्यात होतं. निशिगंधाला बोल लावू नकोस. तिला मी ये असं कधी म्हटलंच नाही. नाही म्हणाली असती तर? त्यापेक्षा सून करते म्हणून मिरवणं सोपं.

वाशिंदहून आल्या रात्री धाकलूनं मला सगळं सुनावलं, तरी दुसऱ्या दिवशी राही रोजच्या वेळी पाणी तापवून उभी. मी म्हटलं, आज राहू दे. म्हणाली, राहू दे कशाला, पाणी निवंल. पाठ रोजच्यासारखीच घासून दिली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तोंडानं कबूल करायचं धाडस होत नाही. म्हणून हे पत्र टपालात न टाकता तिच्याच हाती देते, पाकीट न चिकटवता. तिला वाचता येतं, एसटीत वाचेल. वाचून शहापूरच्या स्टँडवर गाडी बदलताना मागे फिरली, तर तिची मर्जी. तुझ्या दारी आली, तर खोली दे. चार वर्षं तिनं माझं घर आपलं म्हणून सांभाळलं, हे माझं उत्तर.

आणि तिनं माझ्याबद्दल काही सांगितलं, तर चौकशी न करता खरं मान.

ताई म्हणवून घ्यायला लाजणारी,
अंबू