मार्ग तीनची पांढरी रेघ

७ सप्टेंबर

ज्या रस्त्यावर मी कधी पाय ठेवला नाही, तो चांगला आहे असं दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? सकाळपासून विचार करतेय.

काम मोठं मिळालंय. सायप्रस बेटावर सायकलचे चार मार्ग आखायचे. डांबरी नकोत. खडीचे, मातीचे, जंगलातले. जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकलींसाठी. डिसेंबरात इथल्या कुवेती सायकलवाल्यांचा गट जाणार, चौदा जण. मी हवल्लीतल्या रूमवरून बसने कुवेत सिटीतल्या ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात यायचं आणि उपग्रहाच्या फोटोंवर रेघा ओढायच्या. फिलिप सर, आमचे मॅनेजर, म्हणाले वर्णनात लिही: आमच्या टीमने स्वतः चालवून पाहिलेले मार्ग. टीम म्हणजे मी एकटी.

बाबांना फोनवर सांगितलं. खूश होतील वाटलं. "बघितल्याशिवाय रस्ता काढतात?" एवढंच म्हणाले.

१४ सप्टें.

मार्ग १, २ झाले. ३ वर अडकले होते. मधला चढ डांबरी, गाड्यांचा. तो टाळायचा कसा? आज सापडलं. दरीतून पांढरी रेघ जाते, रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. थेट पलीकडच्या गावात उतरते, जिथे हॉटेल आहे. तीन लोकांनी तिथून सायकल नेल्याच्या नोंदी नकाशावर मिळाल्या. म्हणजे जाता येतं.

रूमवर शुभांगीताईंना दाखवलं. ताई इथल्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स, लातूरच्या. चष्मा लावून बघितलं. "अगं, ह्यो तर ओढा दिसायलाय."

म्हटलं ओढाच आहे, पण डिसेंबरात ओढ्यात काय असतं? गोटे. आमच्याकडे तर डिसेंबरात माणसं कोरड्या पऱ्ह्यातूनच बाजाराला जातात, रस्त्याने लांब पडतं. ताई म्हणाल्या, "ते बी खरंच. आमच्याकडं तर दिवाळीलाच कोरडा." दोघींनी पास केला मार्ग.

२ ऑक्टो.

गटाचे प्रमुख ऑफिसात आले. सगळे त्यांना बू नासिर म्हणतात. साठीच्या पुढचे, बँकेतून निवृत्त. वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, म्हणून हिंदी येतं. "तुम बॉम्बे?" म्हटलं नाही, रत्नागिरी. "आंबा!" म्हणाले आणि बसले.

चारही मार्ग बघितले. तीनवर बोट ठेवून थांबले. हाच सगळ्यात सुंदर, हा शेवटच्या दिवशी. गटात दोन मुली नवीन आहेत, त्यांच्यासाठी गाड्यांचा रस्ता नको. मग माझ्याकडे बघून, "तुमने चलाया?"

फिलिप सर माझ्याआधी बोलले. "हमारी टीम ने चलाया, सर."

मी स्टेपलरकडे बघत राहिले. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता.

१२ ऑक्टो.

सरांना विचारलं, दोन दिवसांसाठी मला पाठवा, चारही बघून येते. हसले. "तुम्हारा व्हिसा आने तक ग्रुप वापस आ जाएगा।" मग तिथल्या गाडीवाल्याला तरी बघायला सांगा? "सॅटेलाइट है ना।"

संध्याकाळी भाड्याच्या सायकलने समुद्राकाठी फिरले. इथे चढच नाही. ज्या पायांना चढ माहीत नाही त्यांच्यासाठी चढ आखतेय.

९ नोव्हें.

पाऊस. सकाळी तासभर असा कोसळला की हवल्लीतला आमचा रस्ता दिसेना. खालच्या बकाल्यातले, म्हणजे किराणा दुकानातले, पाण्याचे बॉक्स तरंगत होते, दुकानदार लुंगी वर करून पकडत होता. बस नाही. मार्चमध्ये आले मी, इथला हिवाळा पाहिलाच नव्हता. ताईंना म्हटलं, नोव्हेंबरात पाऊस कसा? "इथं हिवाळ्यातच पडतो की. आठ वर्षं बघायलेय." आणि चहा ठेवला.

मी गॅलरीत उभी होते. आधी काहीच वाटलं नाही. मग सायप्रस आठवलं.

भूमध्य सागरी हवामान: उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात. सातवीत पाठ केलं. टी.वाय.ला पेपरात लिहिलं, नकाशा काढून, बेटं रंगवून. त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते. आणि रेघ ओढताना डोक्यात आमच्या गावचं कॅलेंडर.

दुपारी लॅपटॉपवर सगळं उघडलं. मी बघितले ते सगळे फोटो जुलैचे. ढग नसतात म्हणून तेच निवडले होते. त्या तीन नोंदीही जुलै-ऑगस्टच्या. गेल्या जानेवारीचा फोटो शोधला. रेघ पांढरी नव्हती. तपकिरी, आणि दुप्पट रुंद.

१० नोव्हें.

सरांना सांगितलं. फोटो शेजारी शेजारी ठेवले.

सरांनी केबिनचं दार लावलं. मग: "किसको बताया?"

कुणालाच नाही.

"तो मत बताना।" कारणं मोजली: मार्गांची पुस्तिका छापली आहे. पलीकडच्या गावाला दुसऱ्या बाजूने यायचं तर दिवस पुरत नाही, हॉटेल बदलावं लागतं, हॉटेल बदललं तर बू नासिर विचारणार का. बरोबर गाडी असेल, ड्रायव्हर तिथलाच, तो बघून घेईल. मी म्हटलं, गाडी डांबरी रस्त्याने जाणार, दरीत गाडी जात नाही. सायकली एकट्याच असणार. डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असताना पाणी येतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"मुझे तीन बच्चे हैं," सर म्हणाले. "मेरा इकामा भी इसी कंपनी में है।" इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना; माझाही कंपनीच्याच नावावर आहे.

वाईट माणूस नाही. मार्चमध्ये मला घ्यायला एअरपोर्टवर तेच आले होते, घरचं जेवण डब्यात घेऊन.

१९ नोव्हें.

३-ब तयार केला. वरच्या धारेने, जंगलखात्याच्या रस्त्याने. चढ जास्त, सुंदर कमी, पण ओढा कुठेच ओलांडत नाही. या वेळी डिसेंबर-जानेवारीचे फोटो, पाच वर्षांचे. हॉटेल आधीच्या गावात घ्यावं लागेल. आहे तिथे एक, खोल्याही आहेत. सरांच्या टेबलावर ठेवला.

तिथल्या गाडीवाल्याला मेल केला होता. त्याचं उत्तर: हिवाळ्यात आम्ही त्या बाजूला जात नाही. कधी पाणी असतं, कधी नसतं.

कधी नसतं. सरांनी तेवढेच शब्द उचलले.

२४ नोव्हें.

सकाळी मार्गांच्या फाइलमध्ये काही बदलता येईना. बदल करायचा माझा अधिकार काढून घेतलाय. ३-ब टेबलावरून गेला. विचारलं, तर म्हणाले, "सीझन के बाद देखेंगे।" पुस्तिकेत माझं वाक्य तसंच आहे. स्वतः चालवून पाहिलेले.

बाबांचा फोन. चौदा वर्षं ते इथे वेल्डर होते, त्यांना सगळं सांगावं लागत नाही. "बाय, मालकाच्या तोंडाला लागू नको. इकामा त्याच्या हातात. उद्या घालवलान तर आठवड्यात सामान बांधशील."

म्हटलं, बाबा, माणसं वाहून गेली तर?

"नाय जाणार. माणसं बघून पाय टाकतात."

मलाही तेच वाटावं असं वाटतं. सायकलवर उतारावरून येताना कोण बघून पाय टाकतं?

३० नोव्हें.

शु. ताई नाइट करून आल्या. मी न झोपता बसलेली. म्हणाल्या, "वार्डात चुकलं की आधी पेशंटकडं पळायचं. रजिस्टर मागून." चप्पल काढता काढता पुढे म्हणाल्या, "सगळेच पळत न्हाईत बरं का. मी बी एकदा न्हाई पळाले." आणि तोंड धुवायला गेल्या.

बुकिंगच्या कागदावर बू नासिरांचा नंबर आहे. तीनदा लावला, तीनदा रिंग जायच्या आत कापला. शिकलेली मुलगी म्हणून गावात माझं उदाहरण देतात.

५ डिसें., शुक्रवार

रविवारी त्यांचं विमान. दर शुक्रवारी उजाडताना गट अबू हलीफाला समुद्राकाठी जमतो. टॅक्सीने गेले. दहा-बारा जण होते, टायरमध्ये हवा भरत. बू नासिरांनी ओळखलं. "रत्नागिरी! सायकल किधर?"

उभ्या उभ्या बोलले. मार्ग तीन मी चालवलेला नाही. कुणीच चालवलेला नाही. तो नाला आहे. जुलैचे फोटो बघून मी रस्ता समजले. चूक माझी. डिसेंबरात पाणी असेल.

"ऑफिस को मालूम है?"

म्हटलं, हो, मालूम है.

नव्यांपैकी एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, मग बाकीचे तीन तरी खरे आहेत का? चुकीचे आहेत असं वाटत नाही, म्हटलं. तिने हेल्मेटचा पट्टा लावला आणि तोंड फिरवलं.

३-ब ची प्रत माझ्या लॅपटॉपवर होती, तिचा छापलेला कागद दिला. बू नासिरांनी उलगडून बघितला, नीट घडी घातली, जर्सीच्या मागच्या खिशात ठेवला. "इतना चढाई? मेरा घुटना…" एवढंच. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी आधीच्या गावातल्या हॉटेलचं दाखवायला लागले तर कुणीतरी मागून यल्ला म्हणालं आणि सगळे निघाले.

कोणत्या रस्त्याने जातील, मला कळणारही नाही कदाचित. त्यांना कंपनीवर विश्वास ठेवायचं कारण उरलं नाही, माझ्यावर ठेवायचं तर नव्हतंच. कागद घामाने भिजेल. तिथे तो वाचणारा ड्रायव्हर डांबरी रस्त्याने पुढे गेलेला असेल.

६ डिसें.

राजीनामा लिहिला होता. फाडला. राजीनाम्यात चूक कुणाची ते लिहावं लागत नाही.

त्याऐवजी सरांना आणि कंपनीच्या मालकांना एकच मेल. काल कुणाला भेटले, काय सांगितलं, ३-ब ची फाइल, दोन्ही फोटो. मार्ग तीन मी आखला, न बघता आखला, आणि ग्राहकाला तसं सांगितलं आहे. खाली पूर्ण नाव.

सकाळी नऊ दहाला पाठवला.