उंबरे काढलेलं घर

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा आता बरा आहे. तुझ्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं असेल, सूज उतरली का ते कळव. धाकटे, हे तू ताईला वाचून दाखवते आहेस, तर सगळं मोठ्याने वाच. मध्येच "पुढे काही विशेष नाही" म्हणून कागदाची घडी घालू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

घराचं म्हणशील तर रंगाचा शेवटचा हात तेवढा राहिलाय. जुनं छप्पर उतरवून नवं चढवलं, वायरी बदलल्या, मोरीचे पाइप नवे टाकले. ताई, तू धाकटीकडे होतीस त्या चार महिन्यांत मी सुताराशी भांडलो, प्लंबरच्या मिनतवाऱ्या केल्या, गवंड्याला तर रोज सकाळी त्याच्या घरून उचलून आणलं. तू मला लहानपणापासून फौजदार म्हणतेस, ते या वेळी अगदी शोभलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि माझी छाती फुगायची. ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, की हे सगळं ताईसाठी. तिला ठेच लागायला नको म्हणून पाचही उंबरे काढले, जमीन एका पातळीत घेतली. स्वयंपाकघराचं दारसुद्धा चार हात सरकवलं, बैठकीतून सरळ आत जाता यावं म्हणून.

हिने एकदा विचारलं होतं, "ताईंना विचारलंत का?"

"तिला काय नकाशा दाखवू?" मी म्हणालो. वर हसलोही.

तुझी नजर जाऊन वीस वर्षं झाली, आणि या घरात तू कधी कुणाचा हात धरला नाहीस. मला वाटायचं, सवय आहे तिला. पण तू उंबऱ्यांवरून चालत होतीस. बैठकीचा दगडी, मधोमध झिजलेला, कोठीचा लाकडी, मोरीचा सगळ्यात उंच. पायाला लागला की आपण कुठे आहोत ते तुला कळायचं. हेही मला गवंड्याने सांगितलं, तू पडल्यावर. "दादा, त्यांच्या खुणाच उपटल्या आपण," म्हणाला. त्या परक्या माणसाला जे कळलं, ते मला जन्मभर कळलं नाही.

आता पडण्याचं. मी धाकटीला फोनवर सांगितलं, की ताई घाईत होती, ओल्या फरशीवर पाय घसरला, मी बाहेरून येतो तोवर सगळं होऊन गेलं होतं.

फरशी कोरडी होती. आणि मी बाहेर नव्हतो.

मी बैठकीतच भिंतीला टेकून उभा होतो. तुला परत आणून दोनच दिवस झाले होते. तू खुर्चीतून उठलीस तेव्हा हाक मारणार होतो, पण म्हटलं, बघू या जमतंय का. जमलं असतं तर चारचौघांत सांगता आलं असतं. तू पाय घासत निघालीस, उंबरा शोधत. जुन्या दाराच्या जागी हात लावलास तर भिंत. दोन्ही हातांनी ती चाचपत राहिलीस, मग वळलीस, आणि आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे तेच तुला कळेना. आपल्याच घरात.

"कोण आहे?" तू विचारलंस.

माझी चूक मला तेव्हाच कळली होती. तोंड उघडलं असतं तर ती कबूल करावी लागली असती. मी गप्प राहिलो.

"फौजदार, तू आहेस का रे?"

मी श्वास रोखून धरला. मग तू घाबरून पाऊल टाकलंस आणि रंगाऱ्याच्या स्टुलावर आदळलीस. त्यानंतर मी काय केलं सांगू? पाय न वाजवता मागच्या दाराने बाहेर गेलो, चपला घातल्या आणि त्या वाजवत पुढून आत आलो. "ताई, अगं काय झालं?" असं विचारलंसुद्धा.

धाकटे, थांबू नकोस. वाच.

ताई, तू यातलं कुणाला काहीच बोलली नाहीस. आता त्या घरात पाऊल टाकणार नाही, एवढंच म्हणालीस. त्या वेळी तुला कळलं होतं का, हे विचारायचीसुद्धा मला लाज वाटते. मला वाटतं, कळलं होतं.

उंबरे फोडून फरशीखाली भराव म्हणून घातले, ते आता निघायचे नाहीत. गवंडी सोमवारी येतोय. भिंत फोडून दार होतं तिथे नेणार आहोत. नवे उंबरे बसवायचे तर कुठला किती उंच, कुठला किती रुंद, ते तो मला विचारतो. साठ वर्षं ओलांडले मी ते, एकाचंही माप सांगता येईना. हिलाही नाही. तेवढं सांगायला ये. राहायला नको, तासाभरासाठी ये. धाकटीचा हात धरून ये, माझा नको.

नाही आलीस तरी माझं काही म्हणणं नाही, असं लिहिलं होतं, ते खोडलं. म्हणणं आहे. तू यावंस.

त्या दिवशी घरातच असलेला,
तुझा भाऊ