एकच प्रश्न, दोघींना

९ नोव्हेंबर, रविवार
"दोघींना शेजारी उभं करू नका, एक कमीच दिसते." मोठी मावशी म्हणाली होती, मला पहिल्यांदा बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी. मग माझ्या धाकट्या बहिणीला, सुमाला, मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे पाठवलं. पुढे दर वेळी तसंच. वीसेक वर्षांनी ते वाक्य आज आठवलं, कारण रविवारच्या लेखनवर्गात तुलनात्मक निबंध सुरू केला.
संगमनेरच्या वाचनालयाची मागची खोली, कॉलेजची नऊ मुलंमुली. नऊही निबंध एकाच साच्यातले. एक परिच्छेद याचा, एक त्याचा, शेवटी 'दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ'. शहर आणि खेडं. पुस्तक आणि मोबाईल. कोमलचा 'मी आणि ताई': ताई कष्टाळू, मी अभ्यासू, दोघीही आपापल्या जागी थोर.
"हे तुला खरंच वाटतं?"
"नाही मॅडम. पण शाळेत तसा शेवट केला नाही तर मार्क कापायचे."
सगळे हसले, मीही. मी तरी शाळेत वेगळं काय लिहिलं होतं?

१२ नोव्हें., बुध.
तुलनात्मक निबंध चांगला कशाने होतो? सकाळपासून हेच डोक्यात. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तुलना होत नाही, यादी होते.
भाजी घ्यायला गेले. भेंडीचे दोन ढीग. दोन्हींतली एकेक भेंडी टोकाशी मोडून बघत होते. भाजीवाली म्हणाली, "मोडली तेवढी घ्यावी लागंल हां बाई." घेतली. येताना सुचलं, मी दोन्ही ढिगांना एकच प्रश्न विचारत होते. मोडतेस का? रंग, भाव, आकार, काहीच बघितलं नाही.
म्हणजे: प्रश्न एकच. लहान. दोघांना तोच. 'थोर कोण' हा प्रश्न नव्हे, तो निकाल. आणि उत्तर लिहिणाऱ्याला आधी माहीत नको.
कोमलला फोन करून सांगितलं. "कुठला प्रश्न?" म्हणाली. तूच शोध म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.
कोमलने शोधला.
तिचं घर राजूरच्या पलीकडे डोंगरात. ती इथे होस्टेलवर, थोरली मंगल नागापूरला एमआयडीसीत पॅकिंगला. तिचा प्रश्न: दिवाळीला घरी पोचल्यावर पहिल्या तासात काय झालं?
ती पोचली तेव्हा आई म्हणाली, "आलीस? हंडा घे, नळ जाईल." मंगल पोचली तेव्हा आईने चटई टाकली, नव्या कपात चहा दिला. मंगलने झाडू उचलला तर काढून घेतला. "राहू दे गं, दोन दिस तर आलीस." संध्याकाळी मंगल गोठ्यात जाऊन बसली. खाली कोमलने लिहिलंय: 'मला वाटायचं ताईला माझ्या पुस्तकांचा हेवा वाटतो. तिला माझ्या हंड्याचा वाटतो.'
मला राहवलं नाही. तिथेच वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. नावांसकट. म्हटलं, हे कॉलेजच्या वार्षिक अंकाला द्यायचं. कोमल बाकाकडे बघत होती. लाजली असेल, असं मी ठरवलं.
तिला विचारलं नाही, हे आत्ता लिहिताना...

१८ नोव्हें., मंगळ.
वर्गातली एक मुलगी कोमलच्याच गावची. तिने घरी कौतुकानेच सांगितलं. तिच्या आईने नळावर सांगितलं. नळावरून कोमलच्या आईपर्यंत यायला अर्धा दिवस.
कोमलचा फोन. "आई बोलंना मॅडम. म्हणली, मी लेकीला परकी केली व्हय? हेच लिवायला शिकतीस का?" मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही वाचत होता तेव्हा मला लई भारी वाटत होतं. त्याचंच वाईट वाटतं आता."
अंकाची मुदत महिनाअखेर. "ताई हो म्हणली तरच द्या."

२० नोव्हें., गुरु.
मंगलचा फोन, आपणहून. जेवणाच्या सुट्टीत. मागे यंत्रांचा आवाज.
"खोटं न्हाई लिवलं तिनं. मला फोनवर वाचून दाखवलं."
मग राग आलाय का, विचारलं.
"राग न्हाई ओ. पन आता मी गेले की आई मुद्दाम हंडा हातात देनार. माझं मन राखाया. मंग मी काय करू? घेऊ का नको?"
मग तीच पुढे बोलली.
"आन त्या निबंधात मी नुसती चटईवर बसली हाय. कोमल पानी आनती, आई बोलती. मी एक शब्द बोलत न्हाई." मग हसली. "येवढी गरीब हाय का मी? सुपरवायझरला विचारा."
घंटा झाली.

२२ नोव्हें., शनि.
सुमाला फोन केला. मला बघायला लोक यायचे तेव्हा तू काकूंकडे काय करायचीस?
"कॅरम. तुझे पाहुणे लवकर उठले की वैताग यायचा. डाव अर्धा राहायचा."
आणि मी इतकी वर्षं... एका कथेत तिला खिडकीशी रडवलंसुद्धा आहे. सांगितलं तर म्हणाली, "ती मी होते? मला वाटलं काकूंची बेबी."
मग म्हणाली, "मला एकदा विचारायचंस की." हसतच म्हणाली. पण म्हणाली.

२३ नोव्हें., रवि.
वर्गासमोर कोमलची माफी मागितली. गावच्या त्या मुलीचे डोळे भरले, तिला जवळ बसवलं. कुणीतरी विचारलं, "मग घरच्यांवर लिहायचंच नाही का?" माहीत नाही म्हटलं.
कोमल मागच्या बाकावरून म्हणाली, "मी ताईला प्रश्न विचारलाच नव्हता. नुसतं बघितलं, आणि तिचं उत्तर मीच लिहून टाकलं."
टिपणात मी ऐटीत लिहिलंय, 'दोघांना तोच प्रश्न'. भेंडी बोलत नाही, हे लक्षातच आलं नव्हतं. तरी निबंध चांगलाच आहे. अजूनही. कोमलला हेवा दिसला तो खराच असेल. मग उणं कुठे? बहुतेक इथेच, की हेवा वाटणारीला त्यावर काही म्हणायचं असू शकतं.

२९ नोव्हें., शनि.
मंगल आज घरी निघाली. संगमनेर स्टँडवर गाडी बदलते, मधे वीस मिनिटं. भेटायला गेले. कल्पनेपेक्षा उंच. बोटांना चिकटपट्टीचे काळे डाग. मी पर्स उघडेपर्यंत तिने चहा सांगितला होता.
अंकाचं विचारलं. "कोमलचं हाय, तिनं ठरवावं. माझी ना न्हाई." मग म्हणाली, "पन हो बी न्हाई."
खरं विचारायचं होतं ते वेगळंच. जिभेवर होतं. राजूरची गाडी लागली, तिने खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली, आणि माझं राहिलं. अंक उद्या बंद होतो.
घरी येऊन तीनदा लिहिलं, खोडलं. शेवटी हे पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्यात. ती नको म्हणणार. मीही म्हटलं असतं.
"मंगल, तुला आणि कोमलला, दोघींना विचारता येईल असा एक प्रश्न तू ठरव. मी नाही, तिनेही नाही. तुझं उत्तर फोनवर बोलून पाठव, मी आहे तसं उतरवून घेईन. तिचा निबंध एका पानावर, तुझं बोलणं समोरच्या पानावर, खाली तुझं नाव. आई वाचेल हे धरून. देशील?"