शेपटीला पिन लावलेली ट्यूब

मंगळवार, संध्याकाळ. उमेळे.

घरची टूथपेस्ट जमली एकदाची. खोबरेल, खायचा सोडा, लवंगेची पूड. आता त्या बरणीकडे बघवत नाही.

सकाळी वाडीतल्या बावखलाचा गाळ काढताना पेस्टची जुनी प्लास्टिकची ट्यूब निघाली. तळ्यात असला कचरा मागच्या बिल्डिंगमधूनच येतो, हे मी धरून चालते. ट्यूब आणि बरणी घेऊन तडक त्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर शुभांगीकडे गेले. तिच्या सासूसमोर सुनावलं, "फ्लॅट घेता, थोडी शिस्तही घ्या. ही घरची पेस्ट बघा, एकही ट्यूब लागत नाही."

ती एवढंच म्हणाली, "काकी, आमच्याकडे ट्यूबला पिन कोण लावतं?"

उर्मट वाटली. घरी येऊन ट्यूब धुतली. शेपूट गुंडाळून वर केसांची पिन. शेवटची पेस्ट निघावी म्हणून अशी पिन या घरात मीच लावते. आणि माझ्या सासूबाई टाकायच्या म्हणून मीही वर्षानुवर्षं केर बावखलाकाठच्या खड्ड्यातच टाकत आले. त्यांच्या केरात राख असायची, साली असायच्या. माझ्या केरात काय होतं, मी कधी पाहिलं?

दुपारभर शुभांगीची सासू तिला बोलत होती. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. मी पिन हातात धरून बसून राहिले.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, आरोप ज्यांच्यासमोर केला, माफीही त्यांच्यासमोरच मागायची. म्हणजे तिच्या सासूसमोर.

उद्या जिना चढेन. बरणी घरी राहू दे. पिनसकट ट्यूब नेईन.