शिंप्यांची टोपली

आश्विन, मंगळवार. संध्याकाळ.

धानावर तुडतुडे आले म्हणून काल सकाळी फवारणी केली. तिथवर ठीक. पण संध्याकाळी सवयीने शेताच्या कडेचा मातीचा धुरा फोडला आणि धानाच्या बांधीतलं पाणी खालच्या बोडीत, गावच्या लहान तळ्यात, सोडलं. ओठावर चौथीतली कविता होती, हात आपले चालत होते. आज कृषी संशोधन केंद्रातल्या ताई तुडतुडे मोजायला आल्या. फुटलेला धुरा बघून म्हणाल्या, "काका, बोडीतले शिंपे पाणी गाळून जगतात. औषध त्यांच्या अंगात राहतं. तपासणी होईपर्यंत कोणी खाऊ नका." आमच्या कवितांत शिंपल्यात मोतीच असायचा!

लोकांना सांगावं कसं, या विचारात होतो, तेवढ्यात शेजारची सखूबाई बोडीवरून हंगामातली पहिली टोपली भरून आली. ज्याच्या बांधीचं पाणी, त्याला पहिली ओंजळ, हा आमचा जुना रिवाज. घरी तिची बाळंतीण लेक आहे. गप्प बसलो असतो तर? छे. तो फुटका धुरा डोळ्यांपुढून हलेना. सगळं सांगून टाकलं.

"काऊन भाऊ, पुन्हा कविता म्हणून राह्यले होते का?" म्हणत तिने टोपली खड्ड्यात उलटी केली आणि शिंपे वेचणाऱ्या बायांना अडवायला बोडीकडे धावली. तिचा आवाज इथवर आला, "शिंपे सोडा गं! भाऊच्या बांधीतलं औषध आलं पाण्यात!"

आता गावभर झालं. होऊ दे. बाया रिकाम्या टोपल्या घेऊन, माझ्या नावाने हसत घरी गेल्या. इतकं गोड बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.