रेघेनं खाल्लेलं कपाळ

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा! दवाखान्यातली यंत्रं सांभाळायची नोकरी, आणि लेकीचं घर पलीकडच्याच गल्लीत. तिला पाचवा महिना. माझ्याकडे डिग्री नाही. जे शिकलो ते यंत्रं खोलून. सोनोग्राफीचं यंत्र जुनं, पण सुरेख. पंख्याच्या जाळीत बोटभर धूळ! आधीच्या माणसाला लाज कशी वाटली नाही? लख्ख केलं. सिस्टर म्हणाल्या, काका, आवाजच नाही, चालू आहे की बंद तेच कळत नाही आता.

६, गुरुवार
लेकीची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला आणि जावयाला बसवून सांगितलं, की बाळाची कवटी वरून तयारच झालेली नाही, मेंदूही जवळपास नाही. जन्मलं तरी फार तर काही तास. मी चित्र पाहिलं. प्रोबचा, म्हणजे पोटावर फिरवतात त्या दांड्याचा, एखादा भाग मेला की पडद्यावर काळी रेघ पडते. कपाळ त्या रेघेनंच खाल्लंय. सगळ्यांसमोर तसं ठणकावलं. बाई म्हणाल्या, हवं तर दुसरीकडे दाखवा. मी म्हटलं, काही नको, नवा प्रोब मागवतो.

८, शनिवार
लेक म्हणते, थांबवायचं. त्याला श्वाससुद्धा घेता येणार नसेल तर त्याला कशासाठी त्या हालांत ढकलू? मी ओरडलो, की बिघडलेल्या यंत्राच्या भरवशावर पोटचा जीव टाकणारी आई मी पाहिली नाही. जावई म्हणाला, बाबा, जपून बोला. तिनं गर्भपाताची तारीख पुढे ढकलली. माझ्या शब्दाखातर.

१७, सोमवार
प्रोब आला. आमच्या धंद्यात प्रोब आधी स्वतःच्या पोटावर लावून बघतात. सिस्टरनी दारातून विचारलं, काका, कितवा महिना? हसलो. तुलनेसाठी जुनाही लावला. रेघ नाही. कुठेच नाही. जुना ठीक होता, पहिल्यापासून. त्याच दिवशी लावून बघायला हवा होता. एवढी खात्री होती की बघितलाच नाही.
मग पडद्यावर माझ्या यकृताच्या जागी काहीतरी हललं. इवलंसं हृदय, धडधडतं. वर डोळे. डोळ्यांच्या वर — काही नाही.
सिस्टर आत येऊन म्हणाल्या, यकृत छान दिसतंय की.

१९, बुधवार
लेकीचा फोन. आता हालचाल कळते म्हणाली. बाबा, झालं का दुरुस्त? म्हटलं, बघतोय. सांगवलं नाही.
प्लग काढला तरी ते पडद्यावर आहे. माझ्याकडे वळलंय.

२०, गुरुवार
शर्टाची बटणं लागत नाहीत. आतून लाथ — कुणाला दाखवू? कुठल्या तोंडानं —

२१, शुक्रवार
लेक समोर बसलीय. बाई म्हणतात, आजच ठरवा, उशीर केला तर तिलाच जड जाईल. ती माझ्याकडे बघतेय, म्हणतेय, बाबा, फक्त खरं सांगा.
तोंड उघडतो, पण माझा श्वास पोटातलं ते ओढून घेतं — शब्द नाही — इथेच लिहितो, पान तिच्या हातात देणार —
पोरी, यंत्र ठीक होतं. चूक माझी. तू जे म्हणालीस ते बरोबर — त्याला श्वास — तू —